वाट वाकडी का करतो आपण?

*गर्दीतून जाताना माणूस जवळचा रस्ता धरतो, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो पुढच्याची पाठ धरतो. आणि बाई? ती आधी आजूबाजूला बघते, मग रस्ता ठरवते. शहर आखताना हा हिशेब कुणी मांडलाय का?*

परवा आमच्याकडे संध्याकाळच्या स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना उशीर झाला. तसा तो गेले चार दिवस होतच होता. मी जरा घुश्शातच विचारलं, ‘‘मावशी, हल्ली रोज उशीर?’’ पदराने घाम पुसत त्या म्हणाल्या, ‘‘ताई, पुलावरून नाही आले. खालून फिरून आले.’’

पूल म्हणजे हायवे ओलांडायचा पादचारी पूल. त्यावरून पाच मिनिटांत पलीकडे जाता येतं. फिरून यायचं तर वीस मिनिटं, वर सिग्नलला थांबणं आलंच. ‘‘पुलावरचे दिवे गेलेत हो. वर दोघं-तिघं कठड्याला टेकून बसलेली असतात. करत काही नाहीत. पण बसलेली असतात ना!’’

मी गप्प बसले. मग भाजी चिरता चिरता मनातल्या मनात हिशेब केला. जाताना पंधरा मिनिटं जास्त, येताना पंधरा मिनिटं. दिवसाचा अर्धा तास. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर साडेबारा तास. एका बंद दिव्यापायी ही बाई महिन्यातला कामाचा दीड दिवस रस्त्यावर घालवते आणि वर आमच्यासारख्यांची बोलणीही खाते.

‘वाट वाकडी करणे’ हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द आहे. एखाद्याने वाट वाकडी करून आपल्या घरी यावं, याचं आपल्याला अप्रूप वाटतं. पण बायका रोज जी वाट वाकडी करतात, ती अशी हौसेची नसते.

गर्दी आणि रस्ता हा विषय गेल्या वर्षभरात वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा आला, तो मात्र वेगळ्या कारणाने. २०२५ हे वर्ष चेंगराचेंगरीचंच म्हणायला हवं. जानेवारीत प्रयागराजचा कुंभमेळा. फेब्रुवारीत नवी दिल्ली स्टेशन, तिथे १८ जण गेले. जूनमध्ये बंगळुरूच्या क्रिकेट स्टेडियमबाहेर ११. सप्टेंबरमध्ये तमिळनाडूत करूरच्या सभेत ४१. दिल्ली आणि करूरच्या मृतांत बायका आणि मुलंच जास्त होती. आपल्याकडची उदाहरणंही विसरता येण्यासारखी नाहीत. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत पावणेतीनशेहून जास्त भाविक गेले, त्यातही बायका मोठ्या संख्येने होत्या. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ जण गुदमरून गेले.

अशा प्रत्येक वेळी दोन शब्द ठरलेले असतात. एक ‘अफवा’ आणि दुसरा ‘बेशिस्त’. लोक घाबरले, लोकांनी धक्काबुक्की केली, लोकांना शिस्तच नाही. म्हणजे चूक मेलेल्यांची. एल्फिन्स्टनच्या वेळी ‘फूल पडलं’ याचं कुणीतरी ‘पूल पडला’ असं ऐकलं, अशी चर्चा बरीच झाली. पण साधी गोष्ट बघा. सकाळची गर्दीची वेळ, अचानक आलेला पाऊस, भिजायला नको म्हणून जिन्यावर थांबून राहिलेली माणसं आणि मागून येणाऱ्या गाड्यांमधून उतरून त्याच अरुंद जिन्याकडे येणारी आणखी माणसं. दुसरी वाट होती कुठे? रुंद पुलाची मागणी प्रवासी आधी कितीतरी वर्षं करत होते. दुर्घटनेनंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पूल बांधून दिला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुलाही झाला. म्हणजे मनावर घेतलं तर करता येत होतं!

गर्दीतला माणूस वाट कशी निवडतो, याचा जगभर बराच अभ्यास झालाय. तो वाचताना मला सारखं आपलं लोकलचं स्टेशन दिसत होतं.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवेन स्टेशनच्या फलाटावर संशोधकांनी काही वर्षं प्रवाशांच्या चालण्याची नोंद वरून, यंत्रांच्या मदतीने केली. चेहरे टिपायचे नाहीत, फक्त पावलं. २०२५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीतून उतरून बाहेर पडताना वाटेत एक अडथळा आणि त्याला वळसा घालायला दोन बाजू. कुठल्या बाजूने जायचं? तर पुढचा अनोळखी माणूस ज्या बाजूने गेला, त्या बाजूने! मग ती वाट लांबची असो की जास्त गर्दीची. एकाने वळण घेतलं की त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, अशी अख्खी माळ त्याच बाजूला वळते.

हसू नका. आपणही तेच करतो. आमच्या स्टेशनच्या फलाटावर दोन जिने आहेत. एक गाडीच्या मधल्या डब्यांसमोर येतो, दुसरा पुढच्या टोकाला. टोकाचा जिना बऱ्याचदा मोकळा असतो. तरी उतरल्याबरोबर सगळ्या जणी मधल्या जिन्याकडे धावतो, तिथे तोंडाशी अडकतो आणि ‘अहो, चला ना पुढे!’ म्हणून ओरडतो. मी हे पंधरा वर्षं करते आहे. टोकाचा जिना मोकळा आहे हे मला माहीत आहे. पण समोरच्या बाईची पाठ दिसते आणि पाय तिकडेच वळतात.

याला मेंढरांचा कळप म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यात शहाणपणही असतं. गर्दीत पुढचं दिसत नाही. पुढची बाई गेली म्हणजे तिथे जायला जागा आहे, एवढी तरी खात्री असते. तिने गर्दी फोडून केलेल्या फटीत आपण शिरतो. अडचण होते ती, पुढे वाट बंद झाली आहे हे मागच्यांना कळत नाही तेव्हा. मागचे चालतच राहतात. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. छाती दाबली जाते, श्वास घेता येत नाही. अशा ठिकाणी माणसं बऱ्याचदा तुडवली जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या गुदमरून जातात. ज्यांची उंची कमी, ज्यांच्या कडेवर मूल, त्यांची अवस्था काय होत असेल, ते सांगायला नको.

डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली संगणकावर गणित मांडून दाखवलं, की दारातून बाहेर पडायची सगळ्यांनीच घाई केली तर उलट कमी माणसं बाहेर पडतात. लेडीज डब्याच्या दारात उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला हे संगणकाशिवाय माहीत आहे. ‘आधी उतरू द्या गं!’ हे वाक्य म्हणजे तेच गणित आहे.

आणखी एक अभ्यास मजेदार आहे. जर्मनीतल्या आणि आपल्या आयआयटी कानपूरमधल्या संशोधकांनी मिळून २००९ साली जर्मन आणि भारतीय माणसांच्या चालण्याची तुलना केली. एका रांगेत सगळ्यांना चालायला लावलं आणि माणसं वाढवत नेली. भारतीय माणसं पुढच्यापासून कमी अंतर ठेवून चालतात आणि गर्दी वाढली तरी त्यांचा वेग जर्मनांइतका कमी होत नाही, असं दिसलं. वाचून क्षणभर अभिमान वाटला. पण मग वाटलं, पुढच्यापासून कमी अंतर चालतं ते कुणाला? लेडीज डब्यात आम्ही एकमेकींच्या अंगावर रेलून, दुसरीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपतो. तिथे अंतराचा प्रश्नच नाही. त्याच आम्ही जिन्यावर आलो की पर्स छातीशी धरतो, कोपर बाहेर काढतो, भिंतीच्या बाजूने चालतो. गर्दी तेवढीच असते. गर्दीत कोण आहे, ते बदललेलं असतं.

इथे आपला आणि पुरुषांचा नकाशा वेगळा होतो. पुरुष बहुतेक वेळा एकच विचारतो, कुठून लवकर पोहोचेन? बाई चार गोष्टी विचारते. उजेड आहे का? आणखी कुणी बाई दिसते का? धक्का मारणारा आला तर सरकायला जागा आहे का? आणि वेळ आलीच तर मागे फिरता येईल का? भुयारी मार्गात मध्येच मागे फिरता येत नाही, म्हणून रात्री तो नको. स्कायवॉकवर चढलं की पुढच्या जिन्यापर्यंत उतरता येत नाही, म्हणून तोही नको. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने तरुण-तरुणींना रस्त्यांचे फोटो दाखवून ‘चालताना तुमचं लक्ष कुठे जाईल?’ असं विचारलं होतं. मुलगे समोरच्या रस्त्याकडे, जिथे जायचं तिकडे बघत होते. मुली कडेच्या झुडपांकडे, अंधाऱ्या कोपऱ्यांकडे. फोटो एकच!

याची किंमत केवढी असते? गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञ संशोधिकेने दिल्ली विद्यापीठातल्या मुला-मुलींचा अभ्यास केला. सुरक्षित रस्ता मिळावा म्हणून मुली चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं कॉलेज घेतात, जास्त पैसे मोजतात, असं त्यात स्पष्ट दिसलं. मुलं तेवढं करत नाहीत. म्हणजे मावशींचे साडेबारा तास आणि या मुलींचं कॉलेज, दोन्ही एकाच खात्यावर खर्च पडतात. हा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

आता आपल्या नवी मुंबईचं बघू. हे शहर आपोआप वाढलेलं नाही. ते आखलेलं आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठीच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली. नोड, सेक्टर, प्रत्येक सेक्टरला बाजार, शाळा, बाग. १९९२ साली लोकल खाडी ओलांडून वाशीला आली. मुंबईच्या स्टेशनांच्या मानाने इथली स्टेशनं ऐसपैस. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना आम्ही ती कौतुकाने दाखवायचो.

पण या आखणीत रस्ता म्हणजे गाडीचा रस्ता. सायन-पनवेल हायवे नोडांच्या मधून जातो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्त्या, दुसऱ्या अंगाला रेल्वे आणि नोड. वस्तीतून नोडात कामाला येणाऱ्या बाईला हे सगळं पायी ओलांडायचं असतं. तिच्यासाठी पूल बांधले, भुयारी मार्ग खणले. ते कागदावर मोजले तर पुरेसेही वाटतील. पण दुभाजकाच्या जाळीला ठिकठिकाणी पडलेली भोकं बघा. बागेच्या हिरवळीतून तिरक्या गेलेल्या पायवाटा बघा. नकाशात नसलेल्या या वाटा हजारो पावलांनी पाडल्या आहेत. महापालिका भोक बुजवते, आठ दिवसांत ते पुन्हा पडतं. मग ‘लोकांना शिस्त नाही’ हे आलंच. एकदा तरी कुणी तिथे उभं राहून विचारलं का, की बाई, पूल सोडून तू इथून का जातेस?

आणि फेरीवाले. हा विषय काढला की घरोघरी दोन तट पडतात. फूटपाथ त्यांनी अडवलाय हे खरंच आहे. स्टेशनबाहेर चालायला जागा नसते, अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी केलेला २०२५ चा एक अभ्यासही सांगतो की समोरासमोरून येणारी गर्दी आपोआप रांगा करून सुरळीत जाते, पण बरीच माणसं तिरकी चालायला लागली की त्या रांगा मोडतात. पावलोपावली कुणी भाजीकडे, कुणी चपलांकडे वळत असेल तर हे होणारच. पण याची दुसरी बाजू आपल्यालाच जास्त ठाऊक आहे. रात्री साडेनऊला स्टेशनवरून घरी येताना आपण कुठला रस्ता धरतो? मोकळा, रुंद फूटपाथ असलेला, की भाजीवालीचा बल्ब जळतोय तो? मी तरी बल्बाचा. भाजीवाली मला नावाने ओळखत नसेल, पण चेहऱ्याने ओळखते. फेरीवाले उठवले की रस्ता रुंद होतो आणि त्याच रात्री अंधाराही होतो. पुरुषांना तो मोकळा वाटतो, बाया तो सोडून देतात. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने शहर फेरीवाला समितीत फेरीवाल्यांचे प्रतिनिधी आणि त्यांत बायकाही असायला हव्यात असं सांगितलंय. हटवायचं की ठेवायचं एवढ्यावरच भांडण्यापेक्षा, जिन्याच्या तोंडाशी नको पण अंधाऱ्या पट्ट्यात हवेत, असं ठरवता येणार नाही का?

याच शहरात मी या सगळ्याच्या अगदी उलटं चित्रही ऐकलंय. २ नोव्हेंबर २०२५, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. महिला विश्वचषकाची अंतिम लढत. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला आणि आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं तेव्हा मध्यरात्र होत आली होती. माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी तिथे होत्या. माझी बहीण इकडे फोनवर फोन करतेय, ‘‘कुठून येताय? कोण आहे बरोबर?’’ भाची म्हणाली, ‘‘आई, सगळीकडे बायकाच आहेत गं! आज्ज्यासुद्धा आहेत!’’ नंतर ती मला सांगत होती, ‘‘मावशी, त्या रात्री आम्ही रस्ता शोधलाच नाही. सगळे जात होते तिकडे गेलो. एरवी त्या रस्त्याला मी रात्री आठनंतर पाऊल टाकत नाही.’’

रस्ता तोच, अंधार तोच, गर्दी तर कितीतरी पट जास्त. फक्त त्या गर्दीत बायका होत्या, पोरीबाळी होत्या, रस्त्यावर पोलीस उभे होते. ‘व्हाय लॉइटर?’ या २०११ च्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांबद्दल हेच म्हटलंय, की बाईला सार्वजनिक जागेत नेहमी काहीतरी कामाने आल्यासारखं दिसावं लागतं, नुसतं असणं तिला परवडत नाही. बायका बाहेर असल्या की बायकांसाठी बाहेर सुरक्षित होतं. आणि सुरक्षित नसेल तर बायका बाहेर येत नाहीत. हे चक्र कुठून तरी तोडायला हवं.

मोठ्या कार्यक्रमांची आठवण मात्र सगळी अशी गोड नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी उघड्यावर झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. लाखोंच्या मधोमध बसलेल्या बाईला चक्कर यायला लागली, तर उठून सावलीपर्यंत जायची वाट तिच्यासाठी होती का? गर्दीत वाट म्हणजे फक्त आत जायची नसते. बाहेर पडायचीही असते. आत आणायच्या बसगाड्या मोजल्या जातात, बाहेर पडायच्या वाटा मोजल्या जातात का?

नवी मुंबईची गर्दी आता वाढणारच आहे. २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत गेली आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानतळावरून विमानं उडू लागली. विमानतळ म्हटलं की डोळ्यांसमोर बॅगा ओढत चालणारे प्रवासी येतात. पण तिथली फरशी पुसणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली रात्रपाळी संपवून कुठल्या रस्त्याने घरी जाणार, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. एकदा पूल बांधून झाला, की तो चुकीच्या जागी आहे हे कळायला पुढची वीस वर्षं जातात.

मोठे खर्च करा असं मी म्हणत नाही. रात्री नऊ वाजता नगरसेविका, अभियंते आणि पाच-सहा कामकरी बायका अशा सगळ्यांनी मिळून स्टेशनपासून वस्तीपर्यंत पायी चालून यावं. जिथे बायका वळसा घेतील तिथे खूण करावी. तेवढीच यादी. त्यातलं निम्मं काम दिव्यांचं निघेल, ते आठवड्यात होईल. उरलेलं जिन्यांचं, जाळ्यांचं, पुलांच्या जागांचं असेल, ते अंदाजपत्रकात घालता येईल.

तोवर आपण काय करायचं? गर्दीत शिरताना बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. लोंढा आला तर त्याच्या उलट जायचं नाही, तिरकं सरकत कडेला यायचं. पडलेली चप्पल, फोन उचलायला वाकायचं नाही. हात छातीसमोर घ्यायचे, श्वासापुरती जागा राहते. मूल खाली चालवायचं नाही, उचलून घ्यायचं. आणि फलाटावर उतरल्यावर एक क्षण थांबून बघायचं, टोकाचा जिना मोकळा आहे का? आपण एक जण तिकडे वळलो, तर मागच्या दहा जणी वळतील. आइंडहोवेनचा अभ्यास याही बाजूने खराच आहे.

मावशींच्या पुलाचं मी मनावर घेतलं. सोसायटीतल्या आम्ही चौघी जणी वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन आलो. तिथले साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, त्या पुलावरून तशी वर्दळच नाही. लोक वापरत नाहीत.’’

वर्दळ नाही म्हणून दिवा नाही, आणि दिवा नाही म्हणून वर्दळ नाही! आम्ही अर्जाची पोच घेतली. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत. या वेळी मावशीही येते म्हणाल्यात, त्यांच्या वस्तीतल्या आणखी काही जणींना घेऊन.